काड्या, काटे आणि रेणूचा आकार

सहा काड्या घ्या. आगपेटीतल्या असोत की खराट्याच्या, लांबी मात्र सारखी हवी. आता या सहा काड्यांचे चार त्रिकोण करून दाखवा. काडी मोडायची नाही, काडीवर काडी आडवी टाकायची नाही, आणि प्रत्येक त्रिकोणाची प्रत्येक बाजू एका अख्ख्या काडीची झाली पाहिजे. कोडे जुने आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी ते कधी ना कधी घातले किंवा सोडवले असेल. ज्यांना ठाऊक नाही त्यांनी येथेच थांबून दोन मिनिटे खटपट करावी, घाई काही नाही.

पाटावर काड्या मांडणारा माणूस कोठे अडतो ते पाहा. तो काड्या सरकवतो, फिरवतो, पुन्हा मांडतो, पण हात पाटावरून उचलत नाही. दोन त्रिकोण होतात, तिसऱ्याला काडी कमी पडते. उत्तर पाटावर नाहीच मुळी. तीन काड्यांचा त्रिकोण खाली ठेवायचा, उरलेल्या तीन त्याच्या तीन कोपऱ्यांवर उभ्या करून वर एका टोकाला मिळवायच्या. झाले चार त्रिकोण! सामोशासारखी, शिंगाड्यासारखी ही आकृती. पुस्तकात तिला चतुष्फलक म्हणतात. चार बाजू, चार कोपरे, सहा कडा.

आता गुरुजी, हेच कोडे रसायनशास्त्राला पडले होते असे सांगितले तर आपल्याला नवल वाटेल. गोबरगॅसच्या शेगडीत जो वायू जळतो त्यात मुख्य असतो मिथेन. त्याचा एक रेणू म्हणजे मधे एक कार्बनचा अणू आणि त्याला जोडलेले हायड्रोजनचे चार. फळ्यावर आपण तो कसा काढतो? मधे कार्बन, वर एक, खाली एक, डावीकडे एक, उजवीकडे एक. म्हणजे सरळ फुली. १८६५ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हॉफमान नावाच्या मोठ्या रसायनशास्त्रज्ञाने व्याख्यान दिले. त्या वेळी त्याने क्रोके या खेळातले लाकडी चेंडू रंगवून त्यांचे रेणू केले होते. कार्बन काळा, ऑक्सिजन तांबडा, हायड्रोजन पांढरा, हे रंग आजही चालू आहेत. पण त्याचा मिथेन होता सपाट फुलीचाच. हातात गोल चेंडू होते, तरी मन कागदावरच राहिले.

फळा सपाट आहे, वही सपाट आहे, आणि हल्ली हातातला मोबाइलही सपाट आहे. त्यावर रेणू फिरवून दाखवता येतो हे खरे, पण फिरतो तो पडद्यामागे. बोटाला काही लागत नाही. म्हणून मुलगा परीक्षेत १०९.५ अंश असे बिनचूक लिहितो आणि मिथेन काढून दाखव म्हटले की पुन्हा काटकोनाची फुली काढतो. हा दोष मुलाचा नव्हे. सपाट चित्रातून उंची काढणे मोठ्यांनाही कठीण जाते. त्यावर उपाय म्हणून हातात घेऊन सोडवायची काही कोडी येथे सांगतो. ती खेड्यातल्या शाळेत बनवता येतात. पैसा जवळजवळ लागत नाही. पण नुसती कृती सांगून भागणार नाही. कोडे बरे केव्हा होते आणि फसवे केव्हा होते, हेही सांगितले पाहिजे.

पहिले कोडे बाभळीच्या काट्यांचे. ओल्या शाडूची बोराएवढी गोळी करा. सारख्या लांबीचे चार काटे मुलाला द्या आणि सांगा, हे चारही गोळीत असे खोच की जमिनीवर कसेही टाकले तरी ते तिघांवर उभे राहील, चौथा सरळ आभाळाकडे बघेल, आणि दर वेळी ते अगदी सारखेच दिसेल. शेतात अनवाणी चालणाऱ्याला सराटा माहीत असतो; तो कसाही पडो, एक काटा वर असतोच. पूर्वी लढाईत घोड्यांच्या वाटेवर लोखंडी चारटोकी काटे पसरत, त्यांचीही युक्ती हीच.

मुले आधी फुली करतात. ती आडवी पडते. मग तीन काटे तिवईसारखे खाली आणि एक वर, असे करतात. पहिल्यांदा टाकल्यावर ते छान उभे राहते, पण कुशीवर पडले की वेगळेच दिसते. कारण तिवईचे पाय फार जवळ तरी आलेले असतात किंवा फार फाकलेले तरी असतात. येथे गुरुजींनी काही बोलू नये. जमीनच सांगते की चुकले आहे, आणि जमिनीशी मुले वाद घालत नाहीत. थोडे पाय फाकव, थोडे जवळ घे, असे करता करता पाचसात खेपांत जमून जाते.

जमल्यावर मोजणी. गोळीच्या मध्यापासून काट्याच्या टोकापर्यंत ५ सेंटिमीटर अंतर असेल, तर कोणतीही दोन टोके एकमेकांपासून सुमारे ८.२ सेंटिमीटरवर येतात. सहा जोड्या होतात, सहाही सारख्या. तेच काटे सपाट फुलीत लावले तर शेजारची टोके ७.१ सेंटिमीटरवर आणि समोरासमोरची १० सेंटिमीटरवर. म्हणजे फुलीत शेजारी दाटीने बसले आहेत आणि समोर मोकळी जागा वाया गेली आहे. आता वहीवर कंपासाने ५, ५ आणि ८.२ बाजूंचा त्रिकोण काढा आणि शिरोकोन कोनमापकाने मोजा. एकशेदहाच्या आसपास येईल. नेमका आकडा १०९.५ अंश. तोच हा, पुस्तकातला. पण आता तो मुलाने काट्यावरून काढलेला आहे.

कोडे छान आहे, पण एक उणीव राहते. कार्बनला जमिनीवर पडून उभे राहायचे नसते. मग हायड्रोजन चार बाजूंना असे का बसतात? ते कळायला जत्रेतले फुगे आणा. दोन फुगे फुगवून त्यांची तोंडे एकमेकांना बांधा. अशी दुसरी जोडी करा, आणि दोन्ही जोड्या बांधल्या जागी एकमेकींना पीळ देऊन अडकवा. मुलाला म्हणावे, हे चार फुगे टेबलावर दाबून सपाट फुली कर आणि हात काढ. हात काढताच फुगे टुणकन उसळतात आणि आपोआप सराट्याच्या आकारात येतात. कितीदाही दाबा, तेच. तीन फुगे बांधले तर ते सपाट तीन दिशांना जातात, दोन बांधले तर सरळ रेषेत. सहा बांधले तर चार आडवे, एक वर, एक खाली. पाच बांधून काय होते ते मुलांना आधी भाकीत करायला सांगा आणि मग बांधा.

रेणूत फुग्यांच्या जागी इलेक्ट्रॉनांच्या जोड्या असतात. त्या एकमेकींना दूर ठेवतात. फुगे अंगाला अंग लागून ढकलतात. इलेक्ट्रॉन विजेच्या भारामुळे आणि पुंजयामिकी नावाच्या शास्त्राच्या नियमांमुळे दूर राहतात. कारण वेगळे, पण परिणाम पुष्कळसा सारखा. सिजविक आणि पॉवेल यांनी १९४० मध्ये ही कल्पना मांडली, आणि गिलेस्पी व नायहोम यांनी १९५७ मध्ये ती पक्क्या नियमांत बसवली. पाण्याचा रेणू सरळ रेषेत का नाही, वाकडा का, हेही याच फुग्यांवरून दिसते. ऑक्सिजनभोवती चार जोड्या आहेत. दोन हायड्रोजनला बांधलेल्या, दोन कोणालाच नाहीत. मोकळ्या जोड्या जरा पसरट असतात, म्हणून चारांपैकी दोन फुगे अधिक फुगवा. ते उरलेल्या दोघांना किंचित जवळ दाबतात. मिथेनमध्ये १०९.५, अमोनियात सुमारे १०७, पाण्यात १०४.५ अंश. पाणी असे वाकलेले आहे म्हणून त्याची एक बाजू विजेच्या दृष्टीने वेगळी आणि दुसरी वेगळी, आणि म्हणून मीठ पाण्यात विरघळते. तेलात विरघळत नाही.

पण फुग्यांचे सगळेच ऐकू नये. कुजक्या अंड्याचा वास येतो त्या हायड्रोजन सल्फाइडची घडण पाण्यासारखीच, तरी त्याचा कोन आहे सुमारे ९२ अंश. फुग्यांवरून हा आकडा निघत नाही. वर्गात हे सांगून टाकावे. जे कोडे आपली हद्द सांगत नाही ते पुढे अडचणीत आणते.

आता माझ्या मते सर्वांत सुंदर भाग. अणू कोणी पाहिलेले नव्हते, त्या काळात मिथेन सपाट नाही हे कळले कसे? मोजून कळले, आणि ते मोजणे म्हणजेच एक कोडे आहे. चिंचोके घ्या, दोन तांबडे रंगवा, दोन पांढरे. पुठ्ठ्याचा एक चौकोन घ्या आणि त्याच्या चार कोपऱ्यांवर हे चार चिंचोके ठेवा. वेगवेगळ्या मांडण्या किती? पुठ्ठा फिरवून किंवा उलटून जी मांडणी आधीसारखीच दिसते ती वेगळी धरायची नाही. मुले पटकन सांगतील, दोन. एकीत दोन्ही तांबडे शेजारी, दुसरीत समोरासमोर. आता हेच चिंचोके काड्यांच्या चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांवर चिकटवा. येथे मात्र एकच मांडणी होते! कारण चतुष्फलकात ‘समोरचा’ कोपरा असा नसतोच. प्रत्येक कोपरा उरलेल्या तिघांचा सख्खा शेजारी.

आता मिथेनमधले दोन हायड्रोजन काढून तेथे दोन क्लोरीन बसवले तर जे द्रव्य होते, त्याचे प्रकार किती मिळायला हवेत? मिथेन सपाट असेल तर दोन. एकाचा उकळबिंदू वेगळा, दुसऱ्याचा वेगळा. मिळतो मात्र एकच. सुमारे ४० अंश सेल्सिअसला उकळणारा हा द्रव जुना तेलरंग खरवडण्यासाठी वापरला जातो, आणि त्याचा दुसरा भाऊ आजवर कोणाला सापडलेला नाही. निसर्गाने कोड्याचे उत्तर दिले होते ते असे, ‘एक’ म्हणून.

हे उत्तर नीट वाचले ते फांट हॉफ नावाच्या डच तरुणाने, १८७४ साली. वय बावीस. त्याच वर्षी पॅरिसमध्ये ल बेल यानेही स्वतंत्रपणे तसाच विचार मांडला. फांट हॉफने पुठ्ठ्याचे छोटे छोटे चतुष्फलक करून, रंगवून, नामांकित रसायनशास्त्रज्ञांना पाठवून दिले. शब्दाने पटणार नाही ते हाताने पटेल, हा त्याचा हिशेब. सगळ्यांना पटले नाही. कोल्बे नावाच्या वजनदार जर्मन प्राध्यापकाने १८७७ मध्ये त्याची जाहीर टवाळी केली. हा गुरांच्या वैद्यकशाळेत नोकरी करणारा मुलगा, तिथलाच एखादा पंखांचा घोडा घेऊन कल्पनेच्या डोंगरावर चढला आहे, अशा अर्थाचे त्याने लिहिले. रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक १९०१ मध्ये याच फांट हॉफला मिळाले. ते मात्र वेगळ्या कामासाठी होते, हे सांगितले पाहिजे.

आपणही पुठ्ठ्याऐवजी लिफाफ्याचा चतुष्फलक करू. साधा लिफाफा चिकटवून बंद करा. त्याची आखूड बाजू आपल्याकडे ठेवा. लिफाफ्याची लांबीच्या दिशेने मधोमध घडी घालून उलगडा, म्हणजे मधली रेघ मिळेल. आता आखूड बाजूचा एक कोपरा उचलून मधल्या रेघेवर असा टेकवा की घडी दुसऱ्या कोपऱ्यातून जाईल. कोपरा जेथे रेघेला टेकला तेथे खूण करा. त्या खुणेतून आखूड बाजूला समांतर कापून वरचा भाग काढून टाका. राहिलेल्या तुकड्यावर खुणेपासून खालच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत घड्या घाला, एकदा पुढे, एकदा मागे. मग कापलेले तोंड उघडा. त्याच्या दोन्ही खुणा एकमेकींपासून दूर ओढा आणि तोंड आडव्या दिशेने पुन्हा मिटवा. हातात चतुष्फलक आला. तोंड चिकटवून टाका. वाचताना हे किचकट वाटते. एक लिफाफा वाया घालवला की हात शिकतो.

वर्गातल्या प्रत्येक मुलाने असा एक करावा. चार वाट्यांत कुंकू, हळद, नीळ आणि काजळ कालवून ठेवा, आणि सांगा, चार कोपऱ्यांना चार रंग लावा. कोठे कोणता, ते ज्याचे त्याने ठरवावे. एकमेकांचे पाहायचे नाही. चाळीस मुले, चाळीस चतुष्फलक. आता विचारा, यांत वेगवेगळे किती? कोणी चोवीस म्हणेल, कोणी दहा म्हणेल. सगळे एका जागी ओता आणि ढीग लावायला सांगा; जे कसेही फिरवून एकसारखे दिसतात ते एका ढिगात.

ढीग दोनच होतात. तिसरा होतच नाही. ओळखायची खूण अशी: काजळाचा कोपरा वर आपल्या डोळ्याकडे धरा आणि खालचे तीन कोपरे कुंकू, हळद, नीळ या क्रमाने वाचा. नजर प्रदक्षिणेच्या दिशेने फिरली तर तो एका ढिगातला, उलट फिरली तर दुसऱ्या. एका ढिगातला चतुष्फलक कितीही उलटापालटा केला तरी दुसऱ्यातला होत नाही. डाव्या पायाची चप्पल फिरवून उजव्या पायात बसत नाही तसेच. पण आरशासमोर धरा, आरशात दुसरा दिसेल. आणि कोणतेही दोन रंग आपसांत बदलले, तर ढीग बदलतो. आणखी दोन बदलले, तर परत येतो. हा बदल मुलांकडून करवून घ्यावा. त्यात त्यांना फार गंमत वाटते.

हा नुसता खेळ आहे का? चिंच जिने आंबट होते ते टार्टारिक आम्ल असेच हाताचे आहे. लुई पाश्चरने १८४८ मध्ये याच आम्लाच्या एका क्षाराचे स्फटिक भिंगाखाली चिमट्याने निवडले, आपल्याकडे तांदळातले खडे निवडतात तसे. काही स्फटिकांचा एक तिरपा पैलू डावीकडे होता, काहींचा उजवीकडे. दोन ढीग झाले. पाण्यात विरघळवल्यावर एका ढिगाने ध्रुवीभूत प्रकाश एका बाजूला वळवला, दुसऱ्याने तितकाच दुसऱ्या बाजूला. आपल्या वर्गातले दोन ढीग ते हेच.

पुदिन्याचा वास आणि बाळंतशोपांचा वास घरातले लहान पोरही वेगळा ओळखते. दोन्हींत कार्व्होन नावाचे द्रव्य आहे. अणू तेच, तितकेच, जोडणीही तीच. फक्त पुदिन्यातला रेणू एका हाताचा आणि शोपांतला दुसऱ्या हाताचा. नाकातले ग्राहकही हाताचे असतात, म्हणून त्यांना फरक कळतो. आणि क्षयाच्या रोग्याला देतात त्या इथॅम्बुटॉल या औषधाचे एक रूप जंतूंवर काम करते, त्याची आरशातली जोडी जवळजवळ निकामी असते. गोळीत कोणत्या हाताचा रेणू आहे यावर रोग्याचे बरे होणे अवलंबून. सपाट फुली काढणाऱ्याला हा फरक कागदावर दिसूच शकत नाही.

आता जरा अवघड कोडे, वरच्या वर्गासाठी. शाडूत थोडा कापूस कुटून सुपारीएवढ्या सहा गोळ्या करा. कापसाने तडे कमी जातात. प्रत्येकीत खराट्याच्या काडीचे चार तुकडे सराट्यासारखे खोचा. मध्यापासून टोकापर्यंत ३ सेंटिमीटर अंतर धरले, तर टोकाटोकांतले अंतर ४.९ सेंटिमीटर हवे. तेवढी पुठ्ठ्याची पट्टी कापून माप म्हणून वापरा, आणि गोळ्या सावलीत पक्क्या वाळू द्या. वाळल्यावर काडी सैल झाली तर डिंकाचा थेंब सोडा. बॉलपेनच्या रिकाम्या रिफिलचे, काडी नेटकी बसेल असे तुकडे कापा. रिफिलीच्या एका टोकातून एका गोळीची काडी, दुसऱ्या टोकातून दुसरीची. असे सांधे केले की गोळ्या एकमेकींभोवती फिरतात, पण सांधा वाकत नाही.

कोडे असे: सहा गोळ्यांची माळ करून कडे बंद करा. मुले सपाट षटकोन करायला जातात आणि तो मिटत नाही. षटकोनाला १२० अंश हवे, आपल्या गोळीत १०९.५. कडे वरखाली वाकवले तरच मिटते. बहुधा दोनपैकी एक आकार येतो. एकात तीन गोळ्या वर आणि तीन खाली, एक सोडून एक. त्याला खुर्ची म्हणतात. दुसऱ्यात समोरासमोरच्या दोन गोळ्या वर उचललेल्या; ती होडी. होडी हातात लुळी पडते, हलते, पिळवटते. खुर्ची ताठ बसते. किंचित जोर लावला तर एक आकार खटकन दुसऱ्यात जातो, आणि तो खटका बोटांना कळतो.

खुर्ची झाल्यावर मोकळ्या काड्या पाहा. बारा असतात. सहा अगदी उभ्या, तीन वर आणि तीन खाली. उरलेल्या सहा बाहेरच्या बाजूला पसरलेल्या. उभ्या सहांना तांबडा दोरा बांधा. आता खरे कोडे: कडे न उघडता, सांधा न सोडता, सगळे तांबडे दोरे बाहेरच्या बाजूला आणायचे. एका बाजूची गोळी खाली, समोरची वर, अशी खुर्ची उलटली की ते होते. सायक्लोहेक्झेन नावाच्या द्रवाचे रेणू खोलीतल्या साध्या उष्णतेत ही उलटापालट सेकंदाला लाखाच्या घरात करत असतात. आपल्या रक्तातल्या ग्लुकोजचेही असेच खुर्चीचे कडे आहे, फक्त सहापैकी एक जागा ऑक्सिजनची.

हे आकार जाक्से नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८९० मध्येच सांगितले होते. त्याचे लेखन गणिती होते. ते फार थोड्यांनी वाचले आणि त्याहून थोड्यांना पटले. १८९३ मध्ये तो तरुणपणीच वारला. पुढे हासेल आणि बार्टन यांनी हा विषय उभा केला, आणि १९६९ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले.

कोडे बनवण्यातले मर्म याच कड्यावर सांगता येते. आपली वस्तू कोठे ताठ आणि कोठे सैल आहे ते बघा. एकेरी बंधाभोवती रेणू सहज फिरतो, पण कोन सहजासहजी बदलत नाही. तेव्हा कोडेही फिरायला सैल आणि कोनाला कडक हवे. समजा, गोळ्यांत काड्यांऐवजी मऊ तार घातली, तर मुलगा ती वाकवून सपाट षटकोन करील आणि कोडे सुटले म्हणेल. त्याचे चुकले नाही. वस्तू खोटे बोलली. उलट काड्या गोळ्यांना थेट पक्क्या चिकटवल्या तर काही फिरणारच नाही, आणि खुर्ची उलटण्याची गंमत जाईल. निसर्ग जेथे वाकतो तेथेच आपले कोडे वाकले पाहिजे.

याच कसोटीवर सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे सांधे पाहू. सायकलवाले तिला वालट्यूब म्हणतात. ट्यूबच्या तुकड्यांनी आगकाड्या जोडून आकृत्या करण्याची युक्ती अरविंद गुप्ता यांनी लोकप्रिय केली. पुण्याच्या टेल्को कारखान्यातून वर्षाची रजा घेऊन १९७८ मध्ये ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद येथील विज्ञानशिक्षणाच्या उपक्रमात गेले होते. तेथल्या खेड्यापाड्यांतल्या मुलांसाठीच हे काम होते. हे सांधे सगळीकडे वाकतात. म्हणून सहा काड्यांच्या चतुष्फलकाला ते उत्तम, कारण तेथे ताठपणा त्रिकोणांतून येतो. काड्यांचा चौकोन लुळा पडतो, त्रिकोण पडत नाही, हेही मुलांना आपोआप समजते. पण खुर्चीच्या कड्याला ते सांधे कामाचे नाहीत.

आणखी एका घोटाळ्याकडे लक्ष असू द्या. काड्यांच्या चतुष्फलकात काड्या म्हणजे बंध नव्हेत. कार्बन मधे, पोकळीत आहे. बंध मधून कोपऱ्यांकडे जातात. सराट्यात मात्र काटे हेच बंध. दोन्ही आकृत्या शेजारी ठेवून मुलांना एकीत दुसरी बसवायला सांगा. सराटा काड्यांच्या पिंजऱ्यात नेमका मावला की घोटाळा मिटतो.

बाजारात प्लास्टिकचे रंगीत संच मिळतात. वाईट नाहीत, शाळेला परवडत असतील तर घ्यावेत. पण त्यांच्या चेंडूंना भोके आधीच योग्य कोनात पाडलेली असतात. उत्तर भोकाला ठाऊक, मुलाला नाही. म्हणून संच शेवटी द्यावा, गोळी आणि काटा आधी. काड्या, रंग, गोलाई हे सगळे आपल्या सोयीचे; खऱ्या रेणूत काडीही नाही आणि तांबडा रंगही नाही, एवढे एकदा बजावून सांगावे.

कोणी म्हणेल, हा पोरखेळ झाला. लायनस पॉलिंग १९४८ मध्ये ऑक्सफर्डला आजारी पडून अंथरुणावर होते. तेथे त्यांनी कागदावर प्रथिनाची साखळी काढली, घड्या घातल्या, आणि प्रथिनातले सर्पिल वळण शोधून काढले. मद्रासला जी. एन. रामचंद्रन यांनी चेंडू आणि काड्यांचे नमुने जुळवीत, त्वचेत आणि स्नायुबंधात असणाऱ्या कोलॅजेनची तीन पेडांची घडण १९५४ मध्ये मांडली. मग त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारले, कोन ठरलेले आहेत, सांधे फिरू शकतात, आणि अणूंनी एकमेकांवर आदळायचे नाही; तर साखळी कोणकोणत्या वळणांनी बसू शकेल? १९६३ मध्ये त्यांनी त्याचा नकाशा काढला. जगभर तो रामचंद्रन यांच्या नावाने ओळखला जातो, आणि प्रथिनाची नवी घडण ठरवली की ती आजही त्या नकाशावर ताडून पाहतात. प्रश्न आपल्या सहा गोळ्यांचाच, फक्त माळ लांब.

जाता जाता एक कोडे सोडवायला ठेवतो. पेन्सिलीच्या शिशात कार्बनच्या प्रत्येक अणूला तीनच शेजारी असतात. तेव्हा प्रत्येक सांध्याला तीन काड्या, अशी व्हॉल्व्ह ट्यूबने जोडणी करत जा. षटकोनामागून षटकोन जोडले की मधाच्या पोळ्यासारखी सपाट जाळी होते आणि ती संपतच नाही. आता याच तिकाटी सांध्यांनी सगळीकडून बंद असा गोल चेंडू करायचा. नुसत्या षटकोनांनी तो होत नाही. षटकोनी विणीच्या टोपलीला गोलाई देताना विणणारे मधेच एखादा पंचकोन घालतात, तसे मधे मधे पंचकोन घालावे लागतात. साठ कार्बनांचा असा चेंडू रसायनशास्त्रज्ञांना १९८५ मध्ये सापडला. नव्वद काड्या लागतील, आणि दोनचार मुले एकत्र बसली तर दोन दुपारी. चेंडू बंद व्हायला एकूण किती पंचकोन लागतात ते मी सांगत नाही. गावात जुना काळा-पांढरा फुटबॉल असेल तर त्यावरचे काळे तुकडे मोजून पाहा.